ठिगळ : सुपापासून फायबरच्या होडीपर्यंत

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला लाखांदूर तालुका आहे. एका अंगाने वैनगंगा वाहते, चुलबंद नदी याच तालुक्यात तिला येऊन मिळते आणि वैनगंगेपलीकडे चंद्रपूर जिल्हा लागतो. हा सारा मुलूख धानाचा, तलावांचा आणि बोड्यांचा. पाण्यावर ढिवर बांधवांचे लाकडी डोंगे चालतात. डोंग्याच्या फळ्यांमध्ये फट पडली की तीत चिंध्या ठासायच्या आणि वरून डांबर ओतायचे, ही दुरुस्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तलावांवर आता डोंग्याशेजारी फायबरची होडीही दिसते. तिला भोक पडले तर काय करायचे, हे मात्र डोंगा दुरुस्त करणाऱ्या हातांना कोणी सांगितलेले नसते. मग होडी काठावर पालथी पडून राहते.

हीच गत आम्ही धानपट्ट्यातील एका शाळेत पाहिली. तेथील मैदानावर फायबरची घसरगुंडी होती आणि तिच्या मधोमध लहान बशीएवढे भोक पडले होते. भोकाच्या कडेला काचेचे बारीक तंतू बाहेर आलेले. दोन मुलांच्या मांड्या खरचटल्यावर ती दोरी बांधून बंद करण्यात आली. शाळेने दोनदा रंगाच्या दुकानातून पुट्टी आणून भोक भरले. दोन्ही वेळा पंधरा दिवसांत तो गोळा जसाच्या तसा निघून खाली पडला. गुरुजींनी आम्हाला विचारले, "पुट्टी चांगली होती, मग टिकली का नाही?" उत्तर रसायनशास्त्रात थोडे आहे आणि बरेचसे आपल्या आजीच्या सुपात आहे. म्हणून सुरुवात सुपापासून करू.

बुरडाकडून आणलेली बांबूची टोपली किंवा सूप नवे असताना घट्ट असते. वर्षभरात बांबूच्या पट्ट्या सैल होतात, काही तुटतात, भोके पडतात आणि त्यांतून दाणे गळू लागतात. महाराष्ट्रातील घराघरांत यावर एक उपाय होता. रद्दी कागद दोन-तीन दिवस पाण्यात भिजत घालायचे आणि कुटून त्यांचा लगदा करायचा. मेथ्या रात्रभर भिजवून वाटायच्या. ते बुळबुळीत वाटण लगद्यात मळून टोपलीला आतून-बाहेरून लिंपायचे आणि कडक उन्हात वाळवायचे. वाळल्यावर टोपली डब्यासारखी टणटणीत होत असे. मेथीच्या कडूपणामुळे कीड कमी लागते, असेही बायका सांगत.

या लिंपणात दोन घटक आहेत. कागदाचा लगदा म्हणजे वनस्पतींतील सेल्युलोजचे आखूड तंतू. मेथीच्या दाण्यात गॅलॅक्टोमॅनन नावाची लांब साखळीची शर्करा असते. ती पाणी शोषून फुगते आणि वाळली की तंतूंना घट्ट धरून ठेवते. नुसता लगदा वाळवला तर तो हाताने सहज चुरगाळता येतो, आणि नुसती मेथीची पेस्ट वाळवली तर तिला तडे जातात. दोन्ही एकत्र आले की तंतू ताण सोसतात आणि चिकट द्रव्य तो ताण एका तंतूकडून दुसऱ्याकडे पोचवते. धानाच्या तणसाची मातीत मिसळून लिंपलेली भिंत असो की शेणामातीने सारवलेली बांबूची कणगी असो, युक्ती हीच आहे. पदार्थविज्ञानात अशा द्रव्याला संमिश्र म्हणतात. ज्याला आपण बोलीत नुसते 'फायबर' म्हणतो तेही असेच संमिश्र आहे. त्यात तंतू काचेचे असतात आणि मेथीच्या जागी रेझीन, म्हणजे कृत्रिम राळ असते.

गृहिणी भोकापुरताच लगदा भरत नसे, हे येथे ध्यानात ठेवावे. भोकाच्या चारी बाजूंना चांगले चार बोटे पुढे जाईल असा थर ती देई. कपड्याला ठिगळ लावतानाही तुकडा भोकापेक्षा मोठा घेतात. शाळेच्या पुट्टीत नेमके हेच राहून गेले होते. त्याकडे आपण पुन्हा येऊ.

काचेचा धागा काढता येतो हे फार पूर्वीपासून माहीत होते. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात एडवर्ड लिबी या अमेरिकन काच कारखानदाराने काचतंतू व रेशीम मिळून विणलेला पोशाख मांडला होता. (याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले.) पोशाखाचे कौतुक झाले, पण काचतंतूंचे कापड घडी घातली की तुटे. ते अंगावर वागवण्याजोगे नव्हते.

काच ठिसूळ असताना तिच्या तंतूवर भार टाकायचा कसा? या प्रश्नाचे उत्तर १९२० साली इंग्लंडमध्ये मिळाले. विमानांवर संशोधन करणारे ए. ए. ग्रिफिथ यांनी वेगवेगळ्या जाडीच्या काचेच्या काड्या व तंतू ओढून तोडून पाहिले. तंतू जितका बारीक, तितकी त्याची दर चौरस सेंटिमीटरला ताण सोसण्याची शक्ती अधिक, असे त्यांना आढळले. सर्वांत बारीक तंतूंची शक्ती जाड काडीच्या सुमारे वीस पट भरली. कारण असे की काच मुळात दुबळी नाही. तिच्या पृष्ठावरचे सूक्ष्म तडे तिला दुबळी करतात, आणि तडा जितका लांब तितका तो कमी ताणाला पसरतो. केसाहूनही बारीक तंतूत मोठा तडा मावणारच कोठे? वर्गात पदार्थांची बळकटी शिकवताना हे उदाहरण आम्हाला फार उपयोगी वाटते, कारण 'जाड म्हणजे बळकट' ही मुलांची समजूत त्याने हलते.

पण असे तंतू मणामणांनी तयार कसे करायचे? अमेरिकेतील ओवेन्स-इलिनॉय या काच कंपनीत गेम्स स्लेटर यांच्या हाताखाली डेल क्लाइस्ट नावाचे तरुण संशोधक काम करीत होते. १९३२ साली काचेचे दोन ठोकळे वितळलेल्या काचेने सांधण्याचा त्यांचा प्रयत्न चालू होता. दाबाखालची हवा काचेच्या धारेवर आदळली आणि ठोकळे सांधले जाण्याऐवजी बारीक तंतूंचा फवारा उडाला. स्लेटर यांनी या अपघाताचे मोल ओळखून पद्धत विकसित केली. १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग फायबरग्लास ही स्वतंत्र कंपनी निघाली. सुरुवातीस या तंतूंचा उपयोग हवा गाळण्यासाठी आणि उष्णता रोखण्यासाठी होत असे. होडी किंवा मोटार कोणाच्या मनात नव्हती.

याचे कारण काचतंतूला अजून त्याची मेथी भेटली नव्हती. रेझिनाचा हा भाग पाठ्यपुस्तकांत बहुधा दोन ओळींत उरकला जातो. आमच्या मते साऱ्या कथेचा कणा तोच आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

बेकलंड यांनी १९०७ साली शोधलेले बेकेलाइट हे पहिले संपूर्ण कृत्रिम प्लास्टिक. विजेची जुनी काळी बटणे त्याची असत. बेकेलाइट घट्ट होताना रासायनिक क्रियेत पाणी बाहेर पडते. त्याची वाफ होऊन वस्तू फुगू नये, म्हणून ते गरम साच्यात मोठ्या दाबाखाली घडवावे लागते. म्हणजे दाबयंत्र आले, पोलादी साचा आला, कारखाना आला. पूर्व जर्मनीत १९५७ पासून निघालेल्या ट्राबांट मोटारीची बाह्य पत्रे अशाच जातीच्या रेझिनात कापसाचे टाकाऊ तंतू घालून, गरम दाबयंत्रात बनवत. (तंतू कापसाचे, हे विदर्भातल्या वाचकांनी जरूर लक्षात ठेवावे.) असे पत्र घरी बनवणे शक्य नाही.

१९३० च्या दशकात कार्लटन एलिस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने असंपृक्त पॉलिएस्टर रेझिनांवर काम केले. या रेणूंच्या लांब साखळ्यांत जागोजागी दुहेरी बंध असतात. हे घट्ट रेझीन स्टायरीन नावाच्या पातळ द्रवात विरघळवतात. त्यात पेरॉक्साइडचे काही थेंब टाकले की दुहेरी बंध उघडतात, आणि स्टायरीनचे रेणू एका साखळीपासून दुसरीपर्यंत पूल बांधत जातात. द्रावक म्हणून आलेला पदार्थ उडून न जाता स्वतःच जाळ्याचा भाग बनतो. पाणी किंवा वाफ बाहेर पडत नाही, म्हणून दाब लागत नाही. क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते, म्हणून भट्टी लागत नाही. वाडगा, कुंचला आणि दोन हात पुरतात. काचतंतूंच्या वस्तू घरी दुरुस्त करता येतात त्या केवळ या एका रासायनिक गुणामुळे.

दुसऱ्या महायुद्धात या जोडीला काम मिळाले. विमानातील रडारवर घुमटासारखे झाकण हवे होते. धातू रडारच्या लहरी अडवतो, काचतंतू आणि रेझीन त्या पार जाऊ देतात. १९४२ साली रे ग्रीन यांनी या द्रव्याची लहान होडी बांधली. युद्ध संपल्यावर होड्या बांधणाऱ्यांची रीघ लागली. १९५३ मध्ये शेव्हरले कॉर्व्हेट ही फायबरच्या बांध्याची मोटार बाजारात आली. पहिल्या वर्षी तिच्या फक्त तीनशे गाड्या निघाल्या, त्याही बहुतांशी हाताने जोडलेल्या. पोलादी पत्रा दाबायला फार महाग साचे लागतात आणि लाखो गाड्या खपल्या तरच त्यांचा खर्च निघतो. फायबरचा साचा फायबरचाच करता येतो. थोड्या गाड्या काढणाऱ्या लहान कारखान्यांना म्हणूनच हे द्रव्य आवडले.

आपल्याकडे १९६० च्या दशकात फायबरग्लास पिल्किंग्टन या कंपनीने ठाण्यात काचतंतूंचे उत्पादन सुरू केले. पुढे रायगड जिल्ह्यातील तळोजा येथेही काचतंतूंचा कारखाना आला. मोटारींत ठळक उदाहरण बंगलोरचे. तेथील सिपानी यांच्या कारखान्याने १९७० च्या दशकात 'बादल' ही तीन चाकांची गाडी काढली, आणि १९८२ मध्ये इंग्लंडच्या रिलायंट किटनवर बेतलेली 'डॉल्फिन'. दोन्हींचा बांधा फायबरचा. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि थोड्याच वर्षांत डॉल्फिन मागे पडली. होड्यांच्या बाबतीत बंगालच्या उपसागरालगतच्या देशांसाठी १९७९ मध्ये जागतिक अन्न व शेती संघटनेचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्यात थेट वाळूवर लागणाऱ्या फायबरच्या मासेमारी होड्या विकसित झाल्या. किनाऱ्यावर रुळलेले हे द्रव्य मग आतल्या तलावांपर्यंत पोचले.

आता घसरगुंडीकडे वळू.

भोक पडले याचा अर्थ त्या जागी तंतू तुटले. घसरगुंडीवर मूल बसले की तिचा पृष्ठभाग वाकतो आणि खालच्या बाजूस ताण येतो. अखंड जागी तो ताण तंतू वाहून नेतात. भोकापाशी येऊन तंतू संपतात आणि पलीकडे पुन्हा सुरू होतात. मध्ये पुट्टी भरली तरी तिच्यात लांब तंतू नाहीत. ती फक्त भोकाच्या काठाला, तीन-चार मिलिमीटर जाडीच्या कडेला चिकटलेली असते. पृष्ठभाग दहा-वीस वेळा वाकला की ती कड सुटते. येथे दुरुस्ती म्हणजे भोक भरणे नव्हे, तर तुटलेल्या तंतूंवरून नवे तंतू नेणे. नवे तंतू जुन्यांना थेट जोडले जात नाहीत. ताण जुन्या थरातून रेझिनाच्या पातळ पापुद्र्यामार्गे नव्या थरात जातो. पापुद्रा दुबळा असला तरी त्याचे क्षेत्रफळ मोठे ठेवले की काम भागते.

म्हणून भोकाच्या कडा काटकोनात न ठेवता कानशीने व खरखरीत पॉलिश पेपरने तिरप्या घासतात. भार सोसणाऱ्या भागासाठी रूढ प्रमाण बारास एक असे आहे, म्हणजे जाडीच्या बारा पट रुंद उतार. येथे मुलांना थोडे गणित करू द्यावे. भोक ५ सेंटिमीटर व्यासाचे, पत्रा ४ मिलिमीटर जाड. उतार प्रत्येक बाजूला ४८ मिलिमीटर. म्हणजे ठिगळाचा व्यास जवळजवळ १५ सेंटिमीटर! भोकाच्या तिप्पट. हा आकडा ऐकून कोणालाही आपण चांगली वस्तू नासवतो आहोत असे वाटते, आणि हात आखडता घेतला की दुरुस्ती फसते.

काचतंतूंची चटई दुकानात 'मॅट' या नावाने मिळते. दर चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचा एक थर रेझिनासह साधारण १ मिलिमीटर जाड होतो, तेव्हा आपल्याला चार थर हवेत. १५, १२, ९ व ६ सेंटिमीटर व्यासाच्या चार चकत्या कापल्या तर त्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ३८२ चौरस सेंटिमीटर आणि वजन १७ ग्रॅम भरते. मॅटला तिच्या वजनाच्या अडीच पट रेझीन लागते, म्हणजे ४३ ग्रॅम. दोनशे मुलांची घसरगुंडी जेमतेम अर्धी वाटी रेझिनासाठी बंद होती.

मागच्या बाजूने पुठ्ठ्याला पॉलिथिन गुंडाळून तो चिकटपट्टीने बसवतात, म्हणजे ओले थर खाली लोंबत नाहीत. घासलेल्या उतारावर रेझिनाचा हात देऊन चकत्या एकेक करून बसवायच्या आणि कुंचल्याने ठोकून हवेचे बुडबुडे काढायचे. पांढरी मॅट पारदर्शक झाली की ती भिजली असे समजावे. आधी मोठी चकती की आधी लहान, यावर कारागिरांत दोन पंथ आहेत. आम्ही आधी मोठीच्या बाजूचे, कारण तिचा पूर्ण चेहरा जुन्या पृष्ठाला लागतो आणि शेवटी घासताना कापल्या जातात त्या वरच्या लहान चकत्या. हवेतील प्राणवायूमुळे वरचा थर चिकट राहतो, म्हणून शेवटी वर पॉलिथिन पसरावे. पुट्टी आणि रंग यांची पाळी त्यानंतर. गुरुजींच्या पुट्टीतही दोष नव्हता. ती चार दिवस आधी लावली गेली, इतकेच.

पेरॉक्साइडला बाजारात 'हार्डनर' म्हणतात. रेझिनाच्या शेकडा एक ते दोन भाग एवढेच ते घालायचे असते. आपल्या ४३ ग्रॅमला एक टक्क्याच्या हिशेबाने आठ-दहा थेंब झाले. पुस्तकांतील वेळा वीस-पंचवीस अंश तापमानाच्या असतात. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि रासायनिक क्रियेचा वेग दर दहा अंशांस ढोबळमानाने दुप्पट होतो. अर्धा तास मिळेल म्हणून कालवलेले रेझीन दहा मिनिटांत वाडग्यातच गोठते, तापते, कधी धूरही सोडते. पहाटे काम करावे, थोडे थोडे कालवावे आणि हार्डनर कमी घालावे. पावसाळ्यात अडचण उलटी. पाण्यातून काढलेली होडी वरून कोरडी दिसली तरी तंतूंच्या कडांतून ओल आत शिरलेली असते, आणि ओल्या पृष्ठावर रेझीन धरत नाही. आठवडाभर तरी ऊन दाखवावे.

काही गोष्टी मुलांच्या हाती मुळीच देऊ नयेत. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावावा आणि शेजारी पाण्याची बादली ठेवावी. क्रिया लवकर व्हावी म्हणून कोबाल्टचे जांभळे द्रव्यही मिळते. ते आधी रेझिनात पूर्ण मिसळावे. हार्डनर आणि कोबाल्ट हे एकमेकांत थेट कधीही ओतू नयेत, भडका उडतो. स्टायरीनच्या वाफा डोके चढवतात व पेट घेतात, तेव्हा काम उघड्यावर करावे. घासताना उडणारी काचधूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून पाण्याने ओले करून घासावे आणि नाकातोंडावर मास्क बांधावा.

आणखी एक घोटाळा टाळला पाहिजे. बाजारात सगळ्याच कडक प्लास्टिकला 'फायबर' म्हणतात. दुचाकीचे मडगार्ड, पाण्याच्या काळ्या टाक्या, खुर्च्या यांत बहुधा काचतंतूंची मॅट नसते. ती पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिन अशा तापवल्यावर मऊ होणाऱ्या द्रव्यांची असतात, त्यांवर हे रेझीन धरत नाही. त्यांना गरम हत्याराने वितळवून सांधतात. फुटलेल्या कडेला तंतू दिसतात का, हे पाहिले की शंका फिटते.

या फरकाची दुसरी बाजूही आहे. वितळणारे प्लास्टिक भंगारवाला घेतो. फायबरची होडी तो घेत नाही, कारण स्टायरीनचे पूल एकदा बांधले गेले की ते तापवून सुटत नाहीत. वस्तू जळते, पण वितळत नाही. काठावर टाकलेली होडी तेथेच पडून राहते.

वर्गात रेझीन न आणताही हा पाठ होऊ शकतो. पुठ्ठ्याच्या चार सारख्या पट्ट्या घेऊन प्रत्येकीच्या मधोमध भोक पाडावे. एक तशीच ठेवावी. दुसरीत भोकापुरता मेथी-कागदाचा लगदा भरावा. तिसरीत लगदा भोकाबाहेर एक सेंटिमीटर आणि चौथीत तीन सेंटिमीटर पसरावा. चार दिवस उन्हात वाळवून पट्ट्या दोन विटांवर आडव्या ठेवाव्यात आणि मध्ये डबी टांगून तीत एकेक दगड टाकत जावे. कोणती पट्टी किती दगडांना मोडली आणि कोठून मोडली, हे दोन्ही मुलांना लिहायला सांगावे. चौथी पट्टी पुष्कळदा भोकापाशी न मोडता ठिगळाच्या कडेला मोडते, आणि तेथे वर्गात चांगला वाद होतो.

घसरगुंडीची दोरी गेल्या हिवाळ्यात सुटली. ठिगळावर गुरुजींनी निळा रंग दिला आहे, पण तो मूळ रंगाशी जुळलेला नाही. मुले त्या गोलाला 'चंद्र' म्हणतात.